ओंडका आधी, करवत नंतर

सणासुदीच्या दिवसांत लाकडांचा विषय काढू नये, असे आमच्या सौ.चे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ‘लाकडे’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो आणि माणसाने सत्तरी ओलांडली म्हणजे तर फारच जपून. परंतु संपादकांनी दिवाळी अंकासाठी आमचे नेहमीचे पान मागितले, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरे काही येईनाच. ‘डोक्यात भुसा भरला आहे’ असे शाळेत गुरुजी मला नेहमी म्हणत. यंदा अमेरिकेत भाच्याकडे चार महिने राहून आलो आणि गुरुजींचे बोल खरे करून आलो. त्या भुशाची ही हकिकत आहे.

आमचा भाचा मिनेसोटा राज्यात, मिनीआपोलिस शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. दिवसभर संगणकापुढे बसून काम करतो. घराभोवती पाच एकर जमीन आहे, तीत एक ओढा आहे आणि बाकी सगळी झाडी. पुण्यात दोन खोल्यांत वाढलेल्या मुलाला पाच एकर मिळाले, की त्याचे काय होते ते सांगायला नको. आपण जहागीरदार आहोत असे त्याला वाटू लागते. पुढे लवकरच कळते, की जहागिरीला कुळे नाहीत, गडी नाहीत आणि पडलेले प्रत्येक पान आपल्यालाच उचलायचे आहे.

या जहागिरीत ॲश नावाची झाडे पुष्कळ. इंग्रजीत ॲश म्हणजे राख, पण झाड मोठे देखणे: सरळ, उंच, पांढुरक्या लाकडाचे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे झाड आपल्या पारिजातकाचे आणि मोगऱ्याचे भाऊबंद आहे. ही सारी मंडळी ऑलिव्हच्या कुळातली. हे ऐकल्यापासून सौ.ला त्या झाडांबद्दल एकदम माहेरपणाचा उमाळा आला. लाकूड चिवट आणि लवचिक. हातोड्या-कुऱ्हाडींचे दांडे त्याचे करतात, बेसबॉलच्या बॅटीही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच होत आल्या.

अशा या झाडांवर संकट आले ते एका किड्याच्या रूपाने. अर्ध्या इंचाचा, पाचूसारखा हिरवागार चमकणारा भुंगेरा. दिसायला इतका सुंदर, की कोणी कानात घालावा. मूळचा पूर्व आशियातला. माल भरून येणाऱ्या खोक्यांच्या लाकडातून तो अमेरिकेत उतरला असावा, असे तज्ज्ञ मानतात. 2002 साली मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या आसपास तो प्रथम ओळखला गेला. 2009 साली मिनेसोटात सेंट पॉल शहरात सापडला. त्या राज्यात ॲशची झाडे जवळजवळ शंभर कोटी आहेत असा अंदाज सांगतात. तेव्हा या पाहुण्याला पंगतीला काय कमी? भुंगेरा स्वतः पाने कुरतडतो, त्याने फारसे बिघडत नाही. पण त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे काढतात. झाडाचे अन्नपाणी जिथून वाहते तीच वाट तुटते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या मरते.

यात एकच गोष्ट सुदैवाची. अळी सालीखालीच चरते, आतल्या गाभ्याला फारसा हात लावत नाही. साल काढली, बाहेरचा पातळ थर सोडला, की आतले लाकूड चांगले निघते. म्हणजे मेलेल्या झाडाचे एक तर सरपण करायचे, नाहीतर फळ्या पाडून घ्यायच्या. मात्र वेळ थोडा असतो. वाळून गेलेले ॲशचे झाड ठिसूळ होते आणि वाऱ्यावादळात त्याच्या फांद्या अचानक कोसळतात. पाडणारालाही त्याचा भरवसा नसतो. बुंध्याला करवत लावली की वरून शेंडा तुटून खाली येतो. भाच्याने हे काम स्वतः न करता माहीतगार माणसांवर सोपवले होते, याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. त्यांनी भर थंडीत, जमीन गोठलेली असताना चौदा झाडे पाडली. आठ-आठ फुटांचे बावीस ओंडके करून ठेवले आणि पैसे घेऊन ते निघून गेले.

आम्ही पोचलो तेव्हा बर्फ नुकतेच वितळले होते आणि बावीस ओंडके जागोजाग पसरलेले होते. सतरा घराजवळच्या मोकळ्या जागेत. पाच मात्र खाली ओढ्याच्या घळीत, जिथे झाडे उभी होती तिथेच. उन्हाळा लागला की ओंडक्यांची तोंडे तडकतात, किडे शिरतात, लाकडावर डाग चढतात. तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत काय तो निकाल लावणे भाग होते.

“ट्रकमध्ये घालून वखारीत का नेत नाहीस?” मी साधा प्रश्न विचारला.

“मामा, तीच तर गोम आहे,” भाचा म्हणाला. “हे लाकूड इकडून तिकडे न्यायचं नाही. सरपणाच्या मोळीतून ही कीड शंभर-शंभर मैल जाते. जिथलं लाकूड तिथंच वापरा, असं इथं कानीकपाळी ओरडून सांगतात. शिवाय मोठ्या गिरणीवाल्यांना बावीस ओंडक्यांत काय रस?”

म्हणजे लाकूड गिरणीकडे जायचे नाही. गिरणी लाकडाकडे यायला हवी. आणि इथूनच त्या घरातल्या महायुद्धाला तोंड फुटले.

घरच्या घरी फळ्या पाडण्याची तिकडे दोन साधने आहेत. एक साखळीच्या करवतीची गिरणी, दुसरी पट्ट्याच्या करवतीची. भाच्याने दोन्हींची सूचिपत्रे जमवली होती. रात्रीची जेवणे झाली, की पूर्वी आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका मांडत तशी ती टेबलावर मांडली जात. भाच्याचे मन पट्ट्यावर जडलेले. सूनबाई म्हणे, “साखळीची घे. काही शे डॉलरची वस्तू. ती पट्ट्याची काही हजार डॉलरना जाते. आणि झाडं संपली की तिचं काय करायचं? तीवर वाळवण घालू?”

“मामा, तुम्हीच सांगा,” असे दोघेही मला म्हणत. लाकडातले मला काय कळते, असा प्रश्न दोघांनाही पडला नाही. वडीलधाऱ्या माणसाचा हा एक फायदा असतो. मी ठरवले, की पाहिल्यावाचून मत द्यायचे नाही.

साखळीची करवत वाचकांनी पाहिली असेल. वादळानंतर रस्त्यात पडलेली झाडे महापालिकेची माणसे जिने कापतात ती, पेट्रोलवर चालणारी. एका लांब पात्याभोवती दातेरी साखळी गरगर फिरते. तिची गिरणी करायची म्हणजे त्या पात्याला एक ॲल्युमिनियमची चौकट बसवायची. अलास्कन मिल या नावाने ती तिकडे प्रसिद्ध आहे. ही चौकट ओंडक्याच्या पाठीवरून घसरत जाते आणि खाली पाते ठरलेल्या जाडीची फळी चिरत जाते. ओंडक्याची पाठ तर गोल. म्हणून पहिल्या कापासाठी वर एक सरळ शिडी किंवा फळी ठोकून घेतात. एकदा वरचा भाग सपाट झाला, की पुढच्या फळ्या त्या सपाटीवरूनच निघतात. कल्पना इतकी साधी, की आपल्याला कशी सुचली नाही असे वाटावे.

भाच्याच्या एका मित्राने आपली चौकट आणि मोठी करवत एका शनिवारी आणून दाखवली. अंगणातला एक ओंडका निवडला. सोळा इंच व्यासाचा, मध्यम बांध्याचा. डोक्यावर शिरस्त्राण, कानांवर झाकणे, पायांवर जाड आवरण असा थाट करून दोघे ओणवे झाले आणि यंत्र सुरू झाले. मी वीस पावलांवर होतो, तरी सौ. काय म्हणाली ते मला घरात गेल्यावरच कळले. मी घड्याळ लावून पाहिले. आठ फुटांचा एक काप जायला साडेचार मिनिटे लागली. त्या साडेचार मिनिटांत दोघेही वाकलेले, तोंडावर भुसा आणि धूर, हात थरथरत असलेले. चार काप झाले आणि भाचा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला आपल्याला कंबर आहे हे अशा वेळी समजते.

या प्रकारात एक खाचखळगा आहे. लाकूड रेषेला आडवे कापणे वेगळे आणि रेषेच्या दिशेने उभे चिरणे वेगळे. नेहमीच्या साखळीचे दाते आडव्या कापासाठी साधारण 30 अंशांत घासलेले असतात. चिरण्याच्या साखळीचे सुमारे 10 अंशांत. साखळी तीच ठेवून चिरू गेले, तर काप खडबडीत येतो आणि यंत्राचा जीव जातो. आणि चिरण्याला ताकद फार लागते. भाच्याजवळ सरपण तोडण्याची लहान करवत होती, ती या कामाला पुरी पडणारी नव्हती. तेव्हा ‘काही शे डॉलर’ ही किंमत नुसत्या चौकटीची. तिला जोडायची मोठी करवत घेतली, की आकडा हजाराच्या पुढे जातो. स्वस्त घोडा घेतला आणि खोगिराला घोड्याहून जास्त मोजले, असा हा मामला.

पट्ट्याची करवत आम्ही पाहिली ती शेजाऱ्यांकडे. शेजारी म्हणजे अर्ध्या मैलावरचे. एक वृद्ध शेतकरी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, आजोबा नॉर्वेतून आलेले. बोलणे मोजके. त्यांच्या कोठाराशेजारी रुळांवर एक यंत्र उभे होते. दोन चाकांवर ताणलेला पोलादी पट्टा, त्याच्या एका कडेला दाते आणि वर लहानसे इंजिन. आपल्याकडे वखारीत पट्टा उभा असतो आणि ओंडका गाडीवर घालून त्याच्याकडे ढकलतात. इथे उलटे. ओंडका स्वस्थ झोपलेला आणि पट्टा आडवा होऊन रुळांवरून त्याच्या अंगावरून जातो. पट्ट्यावर थेंब थेंब पाणी पडत असते, म्हणजे तो तापत नाही आणि त्याला चीक धरत नाही.

म्हाताऱ्याने एक ओंडका चढवला, चारही बाजूंनी पाठी काढून त्याचा चौकोनी ठोकळा केला आणि फळ्या पाडायला सुरुवात केली. एका कापाला मिनिट लागले नाही. आवाज होता, पण माणसाला ओरडून का होईना बोलता येत होते. यंत्रामागे ते ताठ उभे राहून सावकाश चालत होते, जणू एखादे बाळ बाबागाडीतून फिरवीत आहेत. फळी उचलून पाहिली तर गुळगुळीत. भाच्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की सूनबाईंनी लगेच माझ्याकडे पाहिले.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिला हिशेब भुशाचा. बारा इंच जाडीचा चौकोनी ठोकळा घ्या आणि त्याच्या एक-एक इंचाच्या फळ्या पाडा. साखळी प्रत्येक कापात सुमारे 3/8 इंच लाकडाचा भुसा करते. पट्टा सुमारे 1/16 इंच. साखळीने नऊ फळ्या निघतात आणि तीन इंच लाकूड भुशात जाते. पट्ट्याने अकरा फळ्या निघतात आणि भुसा पाऊण इंचाचाही होत नाही. म्हणजे एकेका ठोकळ्यामागे दोन फळ्यांचा फरक. “बघा!” भाचा म्हणाला. त्याला वाटले, निकाल लागला.

दुसरा हिशेब वजनाचा. वीस इंच व्यासाचा, आठ फूट लांबीचा ॲशचा ओंडका ओला असताना साधारण 380 किलो भरतो. चार-पाच धष्टपुष्ट पहिलवान एकत्र बांधल्यासारखे. हा ओंडका पट्ट्याच्या यंत्रावर चढवायचा कोणी? म्हाताऱ्याजवळ ट्रॅक्टर होता, ओंडका लोळवायचे आकडेवाले दांडे होते आणि पन्नास वर्षांची सवय होती. भाच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. सूचिपत्रात त्या यंत्राला ‘पोर्टेबल’ म्हटले आहे. पण ते नेता येते म्हणजे मोटारीच्या मागे जोडून रस्त्याने नेता येते. घरातल्या गोदरेजच्या कपाटाला, ट्रक आणला की हलवता येते म्हणून, पोर्टेबल म्हणावे तशातला हा प्रकार. ओढ्याच्या घळीत ते उतरणार नव्हते आणि घळीतले पाच ओंडके वर येणार नव्हते. साखळीची गिरणी मात्र एका माणसाने एका हातात चौकट आणि दुसऱ्या हातात करवत घेऊन खाली उतरावे, इतकी सुटसुटीत.

तेव्हा मला या भांडणाचे मर्म कळले. दोन यंत्रांतला खरा फरक किमतीचा नाही, वेगाचा नाही, भुशाचाही नाही. एक यंत्र लाकडाकडे जाते. दुसऱ्याकडे लाकूड यावे लागते. म्हणून आधी यंत्र पाहायचे नाही. आधी ओंडके पाहायचे: किती आहेत, केवढे आहेत, कुठे पडले आहेत आणि त्यांना उचलणार कोण.

मला लहानपणी कोकणात पाहिलेले करवतकरी आठवले. घर बांधायचे ठरले, की ते जोडीने येत. फणसाचा नाहीतर आंब्याचा ओंडका लाकडी घोड्यावर चढवीत, रंगवलेल्या दोरीने त्यावर सूत मारीत. एक वर उभा, एक खाली, आणि मधे लांबलचक करवत. दिवसभर ‘खर्रऽ खर्रऽ’ चाले. पण करवत लावण्यापूर्वी ते कितीतरी वेळ ओंडक्याभोवती नुसते फिरत. गाठ कुठे आहे, बाक कोणीकडे आहे, तडा किती खोल गेला आहे ते पाहत आणि मग विचारीत, “ह्याचा काय करूचा हा?” दाराची फळी हवी तर एक प्रकारे चिरायचे, वासा हवा तर दुसऱ्या प्रकारे. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून ते करवतीला हात लावीत नसत.

हाच प्रश्न मिनेसोटातल्या त्या घरात अद्याप कोणी विचारलाच नव्हता. तो विचारला आमच्या सौ.ने. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “अरे, पण एवढ्या फळ्यांचं करणार काय तुम्ही? आणि ठेवणार कुठे?”

भाचा आणि सूनबाई एकमेकांकडे पाहू लागले. बावीस ओंडक्यांचे लाकूड म्हणजे भाच्याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 2,200 बोर्डफूट होते. बारा बोर्डफुटांचा आपला एक घनफूट होतो. म्हणजे 180 घनफुटांच्या वर माल. आपल्याकडे एवढ्यात कोणी लहानसा बंगला सजवील. शिवाय फळी पाडली म्हणजे काम संपत नाही, सुरू होते. ओल्या फळ्यांची चळत सपाट जागेवर रचायची, दर दोन फळ्यांच्या थरांमध्ये एक-एक इंचाच्या पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे वारा खेळतो. टोकांना मेण किंवा रंग फासायचा, म्हणजे ती आधी वाळून तडकत नाहीत. वरून पत्रा, बाजूंनी मोकळे. आणि मग थांबायचे. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. ॲशमध्ये मुळात ओल कमी असल्यामुळे ते त्या मानाने लवकर सुकते, तरी घाई उपयोगाची नाही. ओल्या फळीचे टेबल केले, तर पहिल्या हिवाळ्यात घरातल्या कोरड्या हवेने ते पापडासारखे वाकते.

त्या रात्री यंत्रांची सूचिपत्रे बाजूला राहिली आणि चौघांनी मिळून पहिल्यांदा यादी केली. सूनबाईंना जेवणाचे मोठे टेबल हवे होते, सणाला बारा माणसे एकत्र बसतील असे. मुलीला खोलीत पुस्तकांची मांडणी. देवघरासाठी एक रुंद फळी, ती सौ.ने घालून घेतली. बाकी कोठाराची डागडुजी आणि शेजाऱ्यांना थोडे. एवढ्याला सतरा ओंडके पुरून उरत होते. मग घळीतले पाच?

“ते राहू द्यावेत का?” मी म्हटले.

“नको मामा,” भाचा म्हणाला. “सगळ्यांत जुनं झाड तेच होतं. टेबलाची फळी त्याचीच व्हावी असं वाटतं.”

खरेच, घळीतला मधला ओंडका चांगला अठ्ठावीस इंच व्यासाचा होता. तेवढा पसारा म्हाताऱ्याच्या पट्ट्याच्या यंत्रात मावलाच नसता. लहान यंत्रांची मर्यादा त्याच्या अलीकडेच संपते. लांब पात्याची साखळी मात्र असा ओंडका पूर्ण रुंदीने चिरू शकते. भुसा जास्त होईल, कंबर जास्त दुखेल. पण एकाच फळीत अख्खे टेबल बसायचे, तर तीच वाट.

असा निकाल झाला. घराजवळचे सतरा ओंडके म्हाताऱ्याने आपले यंत्र गाडीमागे जोडून आणून, ट्रॅक्टरसह, तासाच्या भावाने चिरून दिले. तीन दिवस लागले. भाचा आणि मी फळ्या रचत होतो. माझा वाटा मुख्यतः पट्ट्या मोजण्याचा. जे पैसे झाले ते नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून बरेच कमी होते. असे यंत्र घेऊन गावोगाव फिरणारे लोक तिकडे पुष्कळ असतात, ही गोष्ट सूचिपत्रात कशी लिहिलेली असेल? घळीतल्या पाच ओंडक्यांसाठी भाच्याने साखळीची चौकट आणि मोठी करवत घेतली. दिवसाला एक ओंडका, तोही फक्त शनिवारी, आणि खाली दुसरा माणूस बरोबर असल्याशिवाय करवत सुरू करायची नाही, या दोन अटी सूनबाईंनी घातल्या. पाच शनिवारांत काम झाले. घळीत अजून ॲशची काही जिवंत झाडे आहेत. त्यांतली बरीच पुढेमागे जातील, तेव्हा ते साधन उपयोगी पडेल.

अंगणात दारापुढे एक ॲश मात्र भाच्याने राखला आहे. त्याच्या फांदीला मुलीचा झोका आहे. त्याच्या बुंध्याला दर दोन-तीन वर्षांनी औषध टोचतात. झाड निरोगी असतानाच सुरुवात केली, तर ते तगते. खर्च होतो, पण तो यंत्राच्या खर्चात कोणी धरला नाही.

आता वाचकांपैकी कोणाचे कोकणात घर असेल आणि वादळात पडलेला आंबा किंवा फणस परसात अजून आडवा असेल, तर त्यांच्या मनात विचार येईल, की आपणही असे एखादे यंत्र आणावे. 2020 सालच्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडात आणि रत्नागिरीत किती वाड्या आडव्या केल्या ते आपण पाहिलेच आहे. पण आपल्याकडे कायदा निराळा आहे. झाडतोडीबद्दल महाराष्ट्रात 1964 चा कायदा आहे. पुष्कळ जातींची झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. लाकूड चिरण्याच्या गिरणीला तर परवाना लागतोच. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर या बाबतीत फार कडक नजर असते. तेव्हा यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत जाऊन यावे आणि परवाना असलेल्या गिरणीवाल्याशी बोलावे.

बाकी हिशेब तोच. ओंडके मोजा. ते कुठे पडले आहेत ते पाहा. उचलायला कोण आहे ते विचारा. थोडे आणि अडचणीत असतील, किंवा एखादाच फार मोठा असेल, तर साखळी. पुष्कळ असतील, मोकळ्या जागेत असतील, उचलण्याची सोय असेल आणि दरवर्षी नवे येणार असतील, तर पट्टा. पुष्कळ असतील पण एकदाच, तर पट्टेवाल्याला बोलवा आणि त्याला चहा द्या. आणि या सगळ्यांच्या आधी, फळ्या कुठे सुकवणार ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. कारण जागा शेवटी तीच देणार असते.

टेबलाची ती रुंद फळी चांगली दोन इंच जाड आहे. म्हणजे दोन वर्षे. सूनबाईंनी आम्हाला त्या वर्षीच्या दिवाळीचे आमंत्रण आतापासूनच देऊन ठेवले आहे. त्या टेबलावर पहिले ताट सौ.ने वाढायचे, असे ठरले आहे. माझ्या वयाच्या माणसाला लाकूड सुकण्याची वाट पाहायला सांगणे तसे धाडसाचेच. पण मी सकाळचे फिरणे अर्ध्या मैलाने वाढवले आहे.